बैल गेले, कडबा गेला, आणि मग जस्त गेलं



मागच्या आठवड्यात एका तरुण शेतकऱ्यानं सोयाबीनच्या पानाचा फोटो पाठवला. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खाली एकच ओळ : "काका, कोणता फवारा घेऊ?"

मी म्हटलं, फवारा सांगतो, पण आधी मला एक सांग. त्या वावरात शेवटचं शेणखत कोणत्या साली पडलं?

पोराचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, घरी विचारून. "आजोबा म्हणतात, बैल होते तेव्हा."

बस. सोयाबीन-गहू करणाऱ्या आपल्या भागातला सूक्ष्म अन्नद्रव्यांचा सगळा इतिहास या एका वाक्यात आला. पण वाक्यावर थांबलो तर आपण पुन्हा बाटलीच घेऊन येऊ, म्हणून आज जरा लांबण लावतो. मी दहावी पास माणूस. पण कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यांत पंचवीस वर्षं बसलोय, मिळेल ते वाचलंय, आणि घरात बाबांची वही आहे.

आधी वहीचं सांगतो. बाबा दर वैशाखात कोणत्या वावरात शेणखताच्या किती बंड्या गेल्या ते लिहून ठेवत. १९८६ च्या पानावर आहे : "नाल्याचं वावर, २२ बंड्या." हे वावर चार एकराचं. आमची एक बंडी साधारण पाच क्विंटलची धरली तर अकरा टन झाले, म्हणजे एकरी पावणेतीन टन. तेही दर साली नाही, वावरं आळीपाळीनं धरून तिसऱ्या वर्षी. फार नव्हतं. बागायती गहू एकरी सहा-सात क्विंटल झाला तरी बाबा खूश असत. तेव्हा जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच, की वावरातून जे निघायचं त्यातलं बरंचसं गोठ्यातून फिरून परत वावरात यायचं.

आता थोडं मागं जाऊ. १८८९ मध्ये इंग्रज सरकारनं जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा शेती-रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती बघायला पाठवला. त्याचा अहवाल १८९३ साली छापला गेला. इथला शेतकरी अडाणी आहे असं त्यानं लिहिलं नाही, उलट त्याच्या निगराणीचं कौतुक केलं. पण शेण गोवऱ्या होऊन चुलीत जातं हे त्यानं ठळक मांडलं आणि उपाय सुचवला तो सरपणाच्या झाडांचा. जळायला लाकूड मिळालं तर शेण वावरात जाईल, हा त्याचा साधा हिशोब. म्हणजे शेणखताची ओढाताण आजची नाही, सव्वाशे वर्षांच्या वरची आहे.

त्यानंतरची गोष्ट आपल्या शेजारच्या माळव्यातली. १९२४ मध्ये इंदूरला होळकर संस्थानाच्या जागेवर एक शेती संशोधन संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड. मूळ काम कापसाचं होतं, पण तिथून जगभर गेली ती 'इंदूर पद्धत', म्हणजे कंपोस्टची पद्धत. या कामात त्यांच्या जोडीला यशवंत वाड होते, आणि १९३१ च्या पुस्तकावर दोघांचं नाव आहे. उथळ खड्डा, पिकाचा काडीकचरा, शेण, थोडी राख, आणि गोठ्यात जनावरांच्या पायाखालची मुतानं भिजलेली माती. तीन वेळा उलथापालथ, तीन महिन्यांत खत तयार. त्या मातीकडं लक्ष द्या मंडळी. आपण शेण गोळा करतो आणि मूत नालीत सोडून देतो. हॉवर्ड-वाड यांनी नेमकं तेच धरून ठेवलं.

गंमत बघा. इंदूरला हे चाललेलं असताना, १९२६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सॉमर आणि लिपमन यांनी जस्ताशिवाय झाड नीट वाढतच नाही हे सिद्ध केलं. म्हणजे पिकाला जस्त लागतं हे जगाला शास्त्रानं कळायला १९२६ साल उजाडलं. त्याआधी कित्येक पिढ्या आपले लोक बंडीत भरून जस्त, लोह, बोरॉन, तांबं सगळंच वावरात नेत होते. नाव ठाऊक नव्हतं, माल पोचत होता.

मग आली पोत्यांची गोष्ट. आपल्या देशात सुपर फॉस्फेटचा पहिला कारखाना मद्रासजवळ राणीपेटला १९०६ मध्ये निघाला. पण खेड्यापाड्यात रासायनिक खत खऱ्या अर्थानं पोचलं ते बुटक्या गव्हाबरोबर. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बी आलं. पुढं कल्याणसोना, सोनालिका आले. देशाचं पोट भरलं. त्याला नावं ठेवणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं, आणि ते मी करणार नाही.

पण त्याच १९६६ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिचं नाव फार कुणी घेत नाही. पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी तराईतल्या भाताच्या 'खैरा' रोगाचं मूळ शोधलं. पानं तांबूस पडायची, धान बसायचं. लोक बुरशी, विषाणू शोधत होते. निघालं काय, तर जस्ताची कमतरता. झिंक सल्फेट दिलं की पीक सावरायचं. दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, भारतीय कृषी संशोधन परिषदेनं सूक्ष्म अन्नद्रव्यांची देशव्यापी योजना सुरू केली. म्हणजे नवं बी आणि नवी उणीव मागोमागच आले. जास्त पिकलं, जास्त उचललं गेलं, आणि पोत्यातून परत आलं ते फक्त नत्र, स्फुरद, पालाश.

त्यात पोतंही बदललं. आधी स्फुरदासाठी सुपर वापरायचे. एका ५० किलोच्या पोत्यात ८ किलो स्फुरद, आणि सोबत साडेपाच किलो गंधक. मग डीएपी आलं. एका पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. वाहतूक सोपी, पेरणीला सोपं, त्यामुळं सगळे तिकडं वळले. मीही वळलो. पण हिशोब करून बघा. २३-२४ किलो स्फुरदासाठी सुपरची तीन पोती लागायची आणि त्यांच्यातून १६ किलो गंधक आपोआप पडायचं. डीएपीच्या एका पोत्यात गंधक जवळजवळ नाहीच. सोयाबीन तर तेलाचं पीक, त्याला गंधक हवंच. आपण पोती वाचवली आणि गंधक गमावलं. १९९२ मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांवरचं भावनियंत्रण उठलं, ती महाग झाली, युरिया मात्र स्वस्त राहिला. मग हात आणखीच युरियाकडं गेला.

आता सोयाबीन. १९३५ च्या सुमारास वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन आहारात आणायचे प्रयोग केले, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. बडोदा संस्थाननंही त्याच काळात त्याचा प्रचार केला, तिथल्या काळ्यांचं सोयाबीनवरचं पुस्तक १९३६ चं आहे. पण तेव्हा ते रुजलं नाही. रुजलं ते १९६० नंतर, जबलपूर आणि पंतनगरच्या विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं पिवळं सोयाबीन आणलं तेव्हा. माळव्यात भारी काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीत गहू-हरभरा घ्यायची रीत होती. त्या मोकळ्या खरिपात सोयाबीन बसलं आणि 'सोयाबीनवर गहू' ही जोडी जमली.

आमच्याकडं, वाशीम-रिसोडच्या पट्ट्यात, गोष्ट वेगळी झाली, आणि हाच आजचा मुद्दा आहे. आमचं खरीप मोकळं नव्हतं. आमच्या वावरात ज्वारी होती, मूग-उडीद होते, पऱ्हाटी होती. सोयाबीननं इथं पडीक जागा भरली नाही, ज्वारीला उठवलं. १९९४ मध्ये जेएस-३३५ हे वाण आलं. आम्ही ते पहिल्यांदा १९९७ मध्ये पेरलं. शंभर दिवसांत पीक घरात, रोख पैसा हातात, रब्बीला वावर मोकळं. वेड लागल्यासारखं सगळं गाव सोयाबीन झालं.

ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडब्यावर बैल जगतो, कुटारावर नाही. सोयाबीनचं कुटार जनावर खातं, पण कडब्याची सर त्याला नाही, आणि ते साठवायचीही कटकट. मग चारा विकत घ्यायची पाळी आली. त्यात सालदार मिळेना. ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागला. २००४ मध्ये मी बैलजोडी विकली. व्यवहार म्हणून ते चूक नव्हतं, तेव्हा परवडतच नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या वैशाखात त्यांनी वही काढली, तारीख घातली, आणि बंड्यांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ ओढली. ती रेघ मी आजही बघतो.

इतिहासाच्या पुस्तकात ही साखळी सापडायची नाही. पीक बदललं म्हणून चारा गेला, चारा गेला म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून उकिरडा आटला, आणि उकिरडा आटल्यावर पंधरा-वीस वर्षांनी पानं पिवळी पडली. मधे इतकी वर्षं गेली की पहिल्या टोकाचा शेवटच्या टोकाशी संबंध कुणालाच दिसत नाही. दुकानदाराला पिवळं पान दिसतं, तो बाटली देतो.

आता कुणी म्हणेल, काका, जस्त तर लागतं ग्रॅममध्ये, त्याला शेणखत कशाला? बरोबर. एक क्विंटल गव्हाच्या दाण्यात साधारण ३ ते ४ ग्रॅम जस्त जातं, सोयाबीनच्या क्विंटलमागं ४ ते ५ ग्रॅम. एकरी ८ क्विंटल सोयाबीन आणि १५ क्विंटल गहू धरला तर दाण्यातून वर्षाला ८० ते १०० ग्रॅम गेलं. एवढंच. आणि काळ्या जमिनीत एकूण जस्त याच्या कितीतरी पट असतं. पण आपल्या जमिनीत चुनखडी, सामू आठच्या वर. अशा जमिनीत जस्त आणि लोह मुळांना मिळेल अशा रूपात राहतच नाही. तिजोरीत पैसा आहे, किल्ली नाही. शेणखत कुजताना जी आम्लं, जो ह्युमस तयार होतो, तो जस्त-लोहाला धरून मुळापर्यंत नेतो. म्हणजे शेणखत जस्त देतं ते थोडं, सोडवतं ते जास्त.

याची साक्ष जबलपूरच्या प्लॉटांत आहे. तिथं कृषी विद्यापीठात १९७२ पासून काळ्या जमिनीवर सोयाबीन-गहू याच फेरपालटाचा कायमचा प्रयोग चालतो. एका प्लॉटला नुसतं नत्र, एकाला नत्र-स्फुरद, एकाला तिन्ही, एकाला तिन्हीसोबत जस्त, एकाला गंधकाशिवाय, आणि एकाला तिन्हीसोबत हेक्टरी १५ टन शेणखत. इतक्या वर्षांनी चित्र स्वच्छ आहे. नुसतं नत्र दिलेली जमीन मागं पडली. शिफारशीचं खत अधिक शेणखत हा प्लॉट सगळ्यांत वर राहिला, आणि त्याचा सेंद्रिय कर्बही वाढला. इथं वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना सांगतो : तो वरचा प्लॉट नुसत्या शेणखताचा नाही, आणि नुसत्या पोत्याचाही नाही. दोन्हींचा आहे.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्याची सांगण्यापेक्षा ती बरी.

२००९ मध्ये मुलीचं लग्न झालं. देणं फेडायला मी नाल्याचं वावर चार वर्षं मक्त्यानं दिलं. घेणाऱ्याला दोष नाही. ज्याला माहीत आहे की पुढच्या साली वावर आपल्याकडं असेल-नसेल, तो शेणखत कशाला टाकील? त्याचा फायदा तिसऱ्या वर्षी दिसतो. मक्त्याचं वावर म्हणजे भाड्याची सायकल, हवा भरतात, तेल कुणी घालत नाही. २०१३ च्या खरिपात वावर माझ्या हाती परत आलं. सोयाबीन पेरलं, पंचविसाव्या दिवशी सखल भाग पिवळा पडला. मी ठरवून टाकलं की पिवळा मोझॅक आहे. पांढऱ्या माशीसाठी दोन फवारे मारले. मग एक महागडी सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली मारली. मोझॅक नव्हताच तो. मोझॅकचे डाग पानावर वेडेवाकडे, शिरा सोडून नाही, आणि झाडं वावरात इकडंतिकडं विखुरलेली. लोहाची उणीव असते तेव्हा कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, आणि पट्टा सलग, पाणी साचतं किंवा चुनखडी वर येते तिथं. हे मला तेव्हा कळलं असतं तर दोन फवाऱ्यांचे पैसे वाचले असते.

त्या उन्हाळ्यात माती तपासली. सामू ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के, चुनखडी नऊ टक्क्यांवर. जस्त ०.३८, जिथं ०.६ च्या खाली कमी धरतात. लोह ४.५ च्या काठावर. गंधक ७, दहाच्या खाली. कागद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी आकडे ऐकले आणि विचारलं, "यात बंड्या किती ते लिहिलं नाही का?"

मग मी वावराचे तीन पट्टे केले. एकात नेहमीचं खत. एकात त्यासोबत झिंक सल्फेट, आणि डीएपीच्या जागी सुपर. तिसऱ्यात हे सगळं, वर एकरी तीन टन शेणखत, विकत घेतलेलं. पहिल्या साली दुसरा आणि तिसरा पट्टा सारखेच, पहिल्यापेक्षा क्विंटल-दीड क्विंटलनं चांगले. मी मनात म्हटलं, शेणखताचे पैसे पाण्यात. दुसऱ्या साली त्याच पट्ट्यात पुन्हा टाकलं. तिसऱ्या साली पावसानं ऑगस्टमध्ये बावीस दिवस ताण दिला, आणि तिसरा पट्टा लांबूनही ओळखू यायचा. पहिल्यात एकरी सव्वापाच क्विंटल झालं, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात आठ. मागून गव्हातही फरक राहिला. हे माझ्या एका वावराचं आहे, याला प्रयोग म्हणू नका. पण मला पुरलं.

त्यातून आणि तज्ज्ञांकडून जे शिकलो ते थोडक्यात :

१) आधी माती तपासा. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. आपण नत्र-स्फुरद-पालाश बघतो आणि घडी घालतो. खालच्या ओळी वाचा : जस्त, लोह, गंधक, बोरॉन.

२) जस्त ०.६ च्या खाली असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट (२१ टक्क्यांचं), एकदा दिलं की दोन-तीन वर्षं पुरतं. दर पेरणीला टाकू नका. डीएपी किंवा सुपरमध्ये मिसळून देऊ नका, स्फुरदाशी बांधलं जातं. चाळलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग द्या.

३) सोयाबीनला स्फुरद सुपरमधून द्या, गंधक आपोआप जातं.

४) लोहासाठी उभ्या पिकात १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि ५ ते १० ग्रॅम लिंबूसत, ताजं द्रावण, संध्याकाळी. त्याआधी साचलेलं पाणी काढा. पुष्कळदा वाफसा आला की पान आपोआप हिरवं होतं.

५) बोरॉन तपासणीशिवाय देऊ नका. कमी आणि जास्त यांत अंतर फार थोडं आहे, जास्त झालं की पीक करपतं.

६) शेणखत कुजलेलंच टाका. कच्च्यातून हुमणी येते. ढीग उन्हात महिनाभर ठेवू नका, पसरलं त्याच दिवशी वखर घाला.

७) जनावर नसेल तर कुटार आहे. खड्ड्यात थरावर थर, मिळेल तेवढं शेणकाला, ओलावा, थोडं सुपर, आणि तीन वेळा उलथणं. नव्वद वर्षांपूर्वी इंदूरला हेच केलं होतं. आणि गव्हांडा जाळू नका.

यंदा वैशाखात पोरानं विषय काढला. गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय आहे. हळदवाले शेणखताच्या ट्रॉलीला चांगला भाव देतात. तो म्हणाला, "बाबा, खत विकू, त्या पैशात डीएपी येईल, वर पैसे उरतील." हिशोब त्याचा खोटा नव्हता. मीही २००४ मध्ये असाच खरा हिशोब केला होता. मी त्याला वही दिली आणि आडव्या रेघेचं पान दाखवलं. बाबा आता नाहीत. त्यानं बराच वेळ पानं चाळली आणि म्हणाला, "अर्धं विकू, अर्धं नाल्याच्या वावरात."

तडजोड झाली. तीन ट्रॉल्या गेल्या. त्यानंच वहीत लिहिलं, बंडी खोडून ट्रॉली केलं. रकाना पुन्हा सुरू झाला.

फोटो पाठवणाऱ्या पोराला हिराकसचा फवारा सांगितला, आणि आजोबांकडून वावरवार शेवटचं शेणखत कधी पडलं ते लिहून घ्यायला सांगितलं. तुम्हीही घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि खाली लिहा : तुमच्या वावरात शेवटचं शेणखत कोणत्या साली पडलं, आणि त्या साली खरिपात काय होतं? शंभर जणांनी लिहिलं तर आपल्या तालुक्याचा इतिहास तयार होईल.

राम राम.